दवंडीशिवाय

जळकोट, ता. तुळजापूर
१२ डिसेंबर १९५७

ती. भाऊंना साष्टांग नमस्कार.

माझं अक्षर पाहून तुम्ही पाकीट न फोडताच कोनाड्यात टाकाल, अशी भीती होती. म्हणून पत्ता लीलाच्या हातचा आहे. धाकट्या भावजयीचं पत्र तरी तुम्ही फोडाल असं वाटलं. फसवणूक केली, माफ करा.

आई तुळजापुरातच आहे. गुडघे धरलेत, पण मंगळवारी देवीला जाणं सोडत नाही. दर खेपेला विचारते, भाऊ सोनारीहून का येत नाही? मी सांगतो, त्यांच्या शाळेत परीक्षा चालू आहेत. दहा महिने परीक्षा चालणारी ही कुठली शाळा, असं तिनं परवा विचारलं. आता दुसरं कारण शोधायला हवं.

मुख्य बातमी अशी की करंजवाडीचं नाव झालं. आपला रस्ता (तुम्हाला 'आपला' म्हटलेलं आवडणार नाही, तरी म्हणतो) यंदाच्या पावसाळ्यात टिकला. हमरस्त्यापासून वाडीपर्यंत सव्वादोन मैल. सरकारनं हत्यारं आणि रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्यांपुरतं सिमेंट दिलं, बाकी सगळं लोकांच्या श्रमदानानं सतरा दिवसांत उभं राहिलं. जिल्ह्याच्या कचेरीनं आता ठरवलंय की चाळीस गावांत हीच रीत लावायची. त्यासाठी 'करंजवाडी पद्धत' नावाची छोटी पुस्तिका निघणार आहे, आणि ती लिहायची जबाबदारी माझ्यासारख्या साध्या ग्रामसेवकावर आली आहे. जानेवारीत एक अमेरिकन तज्ज्ञ पाहणीला येताहेत. आमच्या समाजविकासाच्या योजनेचा बराचसा नमुना त्यांच्याच देशातून आला. त्यांनी पसंत केलं की पुस्तिका छापायला जाईल आणि मी विस्तार अधिकारी होईन. आपल्या घराण्यात मास्तरकीच्या पलीकडे गेलेला मी पहिलाच.

तुम्ही त्या दिवशी यावं, अशी माझी इच्छा आहे. करंजवाडीत सहा वर्षं तुम्ही शाळा चालवलीत, लोक अजून नाव काढतात. उद्घाटनाच्या मांडवातून तुम्ही पाणीही न पिता उठून गेलात, ते मी सगळ्यांना पित्त झालं म्हणून सांगितलं. त्या वेळी तुम्ही तुमच्या जुन्या विद्यार्थ्याची, रामकिसनची चौकशी केली होती. तो बरा आहे.

वहिनींना नमस्कार.

आपला
राघवेंद्र


जळकोट
२९ डिसेंबर १९५७

ती. भाऊ,

साष्टांग नमस्कार. उत्तर नाही. वनमालावहिनींनी मात्र लीलाला कळवलं की पत्र पोचलं, तुम्ही दोनदा वाचलंत, आणि मग मुलांच्या वह्या तपासायला बसलात. म्हणजे मुलांच्या चुकांना लाल शाई मिळते आणि माझ्या चुकांना तीही नाही.

तुम्ही बोलत नाही, तर तुमच्या बाजूनंही मीच बोलतो. त्या दिवशी मांडवात माझ्या कानाशी येऊन तुम्ही म्हणालात, "राघू, ही वेठ आहे रे." एवढंच. गळ्यातला हार काढायलाही मला उसंत मिळाली नाही, तोवर तुम्ही हमरस्त्याला लागला होता.

वेठ म्हणजे काय ते मला माहीत आहे, भाऊ. निजामाच्या राज्यात तालुकदाराचा दौरा आला की चावडीवरून हलगी वाजायची आणि वाडी कामाला जुंपली जायची. सरपण आणा, चारा आणा, ओझी वाहा. मजुरी नाही, आणि न येणाऱ्याला चावडीपुढं उन्हात ओणवं उभं करायचे. कागदावर ती केव्हाच बंद झाली होती म्हणतात. खरी बंद केलीत तुम्ही, सत्तेचाळीस साली वेठीची यादी चावडीवरच जाळून. पोलिसांनी खांदा असा काही फोडला की तुमचा डावा हात आजही वर जात नाही. मी तेव्हा सोलापूरला इंटरच्या वर्गात होतो आणि दोस्तांना तुमची गोष्ट सांगून मिशीला पीळ देत होतो.

आणि माझ्यावर तुम्ही वेठीचा आळ घेता? मी कुणाला मारलं? कुणाला उन्हात उभं केलं? सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. प्रशिक्षणात आम्हाला सहा महिने घोकायला लावलं होतं की काम वरून लादू नका, लोकांना सामील करा. त्यात एक वाक्य होतं: 'गावातल्या नेहमीच्या मार्गानं प्रत्येक घरापर्यंत निरोप पोचवा.' मी आण्णासाहेब पाटलांकडे गेलो. ते म्हणाले, "राघवेंद्रराव, तुमी फकस्त दिवस सांगा. मानसं मी देतो." त्यांनी सटवाला बोलावलं. सटवानं तिन्हीसांजेला हलगी वाजवत वाडीला फेरी मारली: उद्यापून सडकंचं काम, घरटी एक मानूस, हो ऽ ऽ.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत शंभराच्या वर माणसं कुदळ-फावडी घेऊन उभी होती. भाकऱ्याही आपापल्या बांधून आणलेल्या. कुणी विचारलं नाही की रस्ता कुठून जाणार, किती दिवस जाणार. भाऊ, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, देश असा उभा राहतो. त्याच दिवशी मी अहवालात लिहिलं, 'लोकांचा उत्साह अपूर्व.'

ते खोटं होतं का? तुम्ही नुसतं हो किंवा नाही लिहून पाठवलंत तरी चालेल.

आपला
राघू


जळकोट
१९ जानेवारी १९५८

ती. भाऊ,

नमस्कार. पाहुणे येऊन गेले. काल दिवसभर मी लीलाशी धड बोललो नाही. ती म्हणाली, मनात काय आहे ते भाऊंनाच लिहून टाका. म्हणून लिहितो.

माणूस चांगला होता, हे आधी सांगतो. तुम्हाला तो फेट्याला हसणारा साहेब वाटेल, तसा नव्हता. उंच, उन्हानं लाल झालेला, चावडीच्या ओट्यावर मांडी घालायला गेला आणि मांडी काही जमेना, तर स्वतःच हसला. गूळ-शेंगदाणे खाल्ले, अजून मागून घेतले. त्यानं मला सांगितलं की त्याच्या आजोबांच्या गावी कुणाचं धान्याचं कोठार जळालं की पुढच्या रविवारी शेजारीपाजारी गाड्या जुंपून येत आणि सांजेपर्यंत नवं कोठार उभं करून, जेवून घरी जात. तेच त्याला इथं दिसलं. त्याच्या डोक्यातला नमुना म्हणजे ते कोठार होतं, आणि तो खोटा नव्हता.

मग त्यानं लोकांना विचारायला सांगितलं. माझं इंग्रजी बरं, म्हणून दुभाषी मीच. विकास अधिकारी साहेब आणि आण्णासाहेब शेजारी खुर्च्यांवर. त्यानं विचारलं, "एखादा आला नसता तर काय झालं असतं?"

किती साधा प्रश्न. सतरा दिवसांत तो मला सुचला नव्हता.

मी तो मराठीत विचारला. सगळे आधी खुर्च्यांकडे बघू लागले. शेवटी तुमचा बब्रुवान उठला, त्या दिवशी यादी पेटवायला ज्यानं तुम्हाला काडी दिली होती तोच. म्हणाला, "न येऊन कसं भागंल, सायेब? हलगी वाजली की यायचं आसतंय. आमच्या बापाला यावं लागायचं, आमी बी आलो. आता उनात उबं करतेत का न्हाय, ते ठावं न्हाय. न जाऊन बगितलंय कुनी?"

पाहुणे माझ्याकडे बघत होते. वही उघडी, पेन्सिल हातात.

आणि मी सांगितलं, "तो म्हणतो, न येऊन कसं चालेल, रस्ता आमचाच आहे."

त्यानं ते लिहून घेतलं. खाली रेघ मारली. उठून बब्रुवानचा हात दोन्ही हातांत धरला. बब्रुवानला वाटलं साहेबाला खरं ते कळलं. त्याचे डोळे भरून आले. त्या दोघांच्या मधे मी उभा होतो, आणि मला पळून जावंसं वाटलं.

भाऊ, मला लाज वाटते. याहून वेगळा शब्द माझ्याजवळ नाही. भीती कशाची होती म्हणाल तर खुर्च्यांची, आणि बढतीची. पुस्तकात लिहिलेला 'नेहमीचा मार्ग' आमच्याकडे कुठल्या वाटेनं जातो, हे त्या अमेरिकन माणसाला कळणं शक्य नव्हतं. ते कळायला हवं होतं मला. ज्याच्या घरात ती यादी जाळलेला माणूस आहे, त्याला. तीच चावडी, तीच हलगी, तोच सटवा. मी फक्त वेठीच्या जागी श्रमदान म्हणालो, आणि तेही माझ्या कागदावर. हलगी तर तेच बोलली जे ती शंभर वर्षं बोलत आली.

पुस्तिका महिनाअखेरीला द्यायची आहे.

राघू


जळकोट
२ फेब्रुवारी १९५८

ती. भाऊ,

पहिल्या पत्रात मी लिहिलं, रामकिसन बरा आहे. तो बरा नाही. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही.

हे मला वर्षभर माहीत होतं. मांडवात तुम्ही विचारलंत, 'रामकिसन दिसत नाही?' तेव्हाही माहीत होतं, तो सोलापूरला दवाखान्यात होता. मी म्हणालो, शेतात असेल. उद्घाटनाच्या दिवशी कशाला, असं वाटलं. नंतर सांगायचा दिवस आलाच नाही. आज त्याच्याकडे जाऊन आलो. वर्षात पहिल्यांदा.

झालं ते असं. त्याच्या घोट्यातून नारू निघाला होता. करंजवाडीत दरसाल पाचपंचवीस जणांना निघतो, बारवेच्या पायऱ्यांवर पाय बुडवून पाणी भरतात आणि तेच पितात त्यानं. तुम्ही पाहिलंय, तो दोऱ्यासारखा किडा काडीवर गुंडाळायचा असतो, रोज बोटभर, ओल्या चिंधीखाली सांभाळून. महिनाभर त्या पायावर जोर द्यायचा नसतो. मधेच तुटला की आत पू होतो. रामकिसन काडी बांधलेल्या पायानं आठ दिवस धोंडे वाहत होता. नवव्या दिवशी मोरीजवळ पाय मुरगळला आणि नारू तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला. गाडीत घालून सोलापूरला नेला, तोवर पाय राहिला नव्हता. आण्णासाहेब म्हणतात, "रस्ता निम्मा तरी झाला व्हता म्हनून गाडी टायमात पोचली, न्हाय तर जीव गेला आसता." आणि भाऊ, तेही खोटं नाही. त्यामुळंच मला वर्षभर झोप लागली.

तो दारात वाखाचा दोर वळत बसला होता. उठायला लागला, मी खांदा धरून बसवलं. विचारलं, "पायाला काडी होती तर मला का नाही सांगितलं? मी तुला घरी पाठवलं असतं."

तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी काहीतरी वेड्यासारखं बोललो होतो. मग म्हणाला, "दवंडी झाली व्हती की, सायेब."

रागानं नाही. एखाद्याला वाट सांगावी तसं.

त्याची बायको कस्तुराबाई आतून बोलली, बाहेर आली नाही. "म्या म्हनलं व्हतं, मी जाते तुमच्या बदली. तर म्हनले, पाटलाच्या कागदावर गड्याचं नाव लागतंय." घरटी नावांचा तो कागद माझाच होता. पाटलाचा नव्हता. त्यावर पहिलं नाव आण्णासाहेबांचं होतं, ते एक दिवसही आले नाहीत.

तुम्ही मला शिव्या द्या, पण काहीतरी लिहा.

राघू


जळकोट
६ एप्रिल १९५८

ती. भाऊ,

साष्टांग नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही, आणि या वेळी मी वाटही पाहिली नाही. करायचं ते करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

पुस्तिका मी लिहिली नाही. विकास अधिकारी साहेबांपुढं उभा राहून सगळं सांगितलं, हलगीचं, दुभाषेपणाचं, रामकिसनचं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "लोक आले ना? रस्ता झाला ना? मग तुम्हाला खुपतं काय?" पुस्तिका दुसरे कुणी लिहिताहेत. सुगी उरकली की चाळीस गावांत दवंडी फिरेल. ते मी थांबवू शकलो नाही. पाहुण्यांना पत्र घातलं की बब्रुवान त्या दिवशी खरं काय म्हणाला. पोचलं की नाही, देव जाणे. बढतीचं नाव कुणी काढत नाही. आईला मी हे सांगितलं, आणि तुम्ही का येत नाही तेही सांगितलं. ती म्हणाली, "परीक्षा तुझी चालली होती म्हण की."

मग मी करंजवाडीच्या बारवेचं काम काढलं. पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा आणि रहाट बसवायचा, म्हणजे पाण्यात पाय पडणार नाही आणि नारू जाईल. रस्त्याहून गरजेचं काम. पण या वेळी हलगी नको, असं आण्णासाहेबांना सांगितलं. ते हसले. "हलगीबिगर हितं पान हालत न्हाय, राघवेंद्रराव. बगा करून."

मी घरोघर गेलो. एकशे चौदा घरं, आठ दिवस लागले. प्रत्येक दारात तेच बोलायचं: बारवेचं काम आहे, वाटलं तर या, नाही वाटलं तर येऊ नका, काही होणार नाही. लोक विचारायचे, "दवंडी कवा हाय?" दवंडी नाही म्हटलं की, "मंग काम रद झालं म्हना." समजावून समजावून घसा बसला. सगळे मान डोलवायचे, 'व्हय, येतो की' म्हणायचे. मी ओळखून होतो. ते माझ्या पायजम्याला आणि कचेरीच्या वहीला हो म्हणत होते.

सहाव्या दिवशी कस्तुराबाईच्या दारात गेलो. रामकिसन घरात नव्हता. मी नेहमीचं बोललो. ती भाकरी थापत होती, हात थांबवला नाही. मग तवा उतरवला, पदर सारखा केला, बाहेर आली आणि म्हणाली, "न्हाय. म्या येनार न्हाय. ह्या घरचा एक पाय सडकंला गेला, आता तुमच्या कामाला ह्या घरचं बोट बी मिळनार न्हाय."

आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. आता काय होतं याची ती वाट बघत होती.

मी वही उघडली.

"काय लिवताव?" तिनं विचारलं.

"'कस्तुराबाई येणार नाहीत.'"

"आन म्होरं?"

"पुढं काही नाही."

ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. "घ्या. दुहेरी फडक्यानं गाळल्यालं हाय." मी उभ्या उभ्या सगळा तांब्या रिकामा केला. भाऊ, ग्रामसेवक झाल्यापासून मला तोंडावर नाही म्हणणारं ते पहिलं माणूस. वेशीपर्यंत येईतो मला रडू आवरलं नाही. सतरा दिवस शंभर माणसं माझ्यापुढं राबली, तेव्हा मला एकही माणूस भेटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात काम सुरू झालं. चार जण आले. बब्रुवान, बारवेजवळ राहणारी विधवा लक्ष्मम्मा, तिची जाऊ गौराबाई आणि सटवा. सटवा लांब उभा राहिला. बारवेच्या पायरीवर त्याच्या बापानं कधी पाय ठेवला नव्हता. बब्रुवान म्हणाला, "ये की गा, धोंडा काय मी येकट्यानं उचलू?" तेव्हा आला. म्हणाला, "हातात हलगी आसायची, म्हनून कवा माती उचलली न्हाय." पाचवा मी. रस्त्याच्या वेळी मी घमेलं फक्त फोटोपुरतं धरलं होतं, त्यामुळं या वेळी पहिल्याच तासात तळहात फुटले. अहवालात लिहिलं: 'हजर चार. एक बाई नाही म्हणाली.' खाली सही केली आणि धाराशिवला धाडला.

असंच चाललं तर काम दिवाळीपर्यंतही उरकणार नाही. तोवर अजून कितीजणांना नारू निघेल, हा हिशेब मला रोज सकाळी टोचतो. हलगी वाजवली तर दहा दिवसांत कठडा उभा राहील, हेही मला ठाऊक आहे, आणि आण्णासाहेब रोज येऊन ते बोलून दाखवतात. मी बरोबर करतोय का, ते मला सांगता येत नाही. तुम्हाला विचारावंसं वाटतं.

काल सांजेला आम्ही हात धूत होतो, तर रामकिसन काठी टेकत आला. काम नाही केलं. कडेला बसला, आम्ही रचलेला थर बघितला, म्हणाला, "ह्यो धोंडा हालतोय." आणि गेला. आज सकाळी तो धोंडा काढून पुन्हा बसवला.

भाऊ, हे काम तुम्ही पाहावं असं मला फार वाटतं. पण ही दवंडी नाही. वाटलं तर या. आणि वाटलं नाही तर एका कार्डावर 'नाही' एवढंच लिहून पाठवा. मी ते वहीत लिहून घेईन, आणि पुढं काही होणार नाही.

तुमचा
राघू